बांध सरकवण्याआधी

३२ बिटच्या सर्व्हरवर ‘मेमरी संपली’ असा संदेश आला की लोक आधी रॅम मोजतात. आमच्याकडेही तेच झालं. विंडोज सर्व्हर २००३, रॅम ४ जीबी आणि एकाच मशीनवर डेटाबेस, फाइल शेअर, अँटीव्हायरस, बॅकअप असा सगळा गोतावळा. महिनाअखेरीचे मोठे रिपोर्ट काढताना डेटाबेस अडून बसायचा. पुरवठादाराचा इंजिनिअर आला, त्याने बूट.आयएनआय फाइलमध्ये ओळीच्या शेवटी /३जीबी लिहिलं आणि रीबूट मारला. रिपोर्ट धडाधड निघू लागले.

मग शेअर उघडेनासे झाले. बॅकअप अर्ध्यावर थांबू लागला. इव्हेंट लॉगमध्ये २०२० क्रमांकाची नोंद: पेज्ड पूल (कर्नल आणि ड्रायव्हर मेमरी घेतात त्या दोन साठ्यांपैकी एक) रिकामा. टास्क मॅनेजरमध्ये बघावं, तर रॅम मोकळी! रीबूट केलं की काही दिवस बरे जायचे, पुन्हा तेच.

३२ बिटांत आभासी (व्हर्च्युअल) पत्ते ४ जीबीपुरतेच असतात. विंडोज ते निम्मे-निम्मे वाटतं: खालचे २ जीबी प्रोग्रॅमला, वरचे २ कर्नलला. प्रत्येक प्रोग्रॅमला आपले वेगळे २ जीबी मिळतात. कर्नलचे मात्र सगळ्यांत मिळून एकच. /३जीबी लिहिणं म्हणजे शेजाऱ्याचा बांध कोरणं. प्रोग्रॅमला ३ जीबी मिळतात, कर्नलकडे १ जीबी उरतो आणि त्यातच पेज्ड आणि नॉनपेज्ड असे दोन्ही पूल, सिस्टिम कॅशे, पेज टेबल एंट्रीज (पीटीई), ड्रायव्हर सगळं बसवायचं. एकट्या नॉनपेज्ड पूलची कमाल मर्यादा २५६ एमबीवरून १२८ वर येते. शेअर, अँटीव्हायरस, बॅकअप या तिघांचेही ड्रायव्हर पूलवरच जगतात. डेटाबेसचं दुखणं त्यांच्या अंगावर गेलं, इतकंच.

इंजिनिअरने मग /यूजरव्हीए=२९०० जोडून पाहिलं. याने कर्नलला थोडी जागा परत मिळते खरी, पण ती पीटीईच्या वाट्याला जाते. पूल आहेत तेवढेच राहतात. आमची अडचण पूलची होती. रॅम वाढवायचा प्रस्तावही आला. पण कमी पडत होते पत्ते, रॅम नव्हे. उलट रॅमच्या प्रत्येक पानाची नोंद कर्नलच्याच जागेत ठेवावी लागते. म्हणून तर /३जीबी असताना विंडोज १६ जीबीपलीकडची रॅम वापरतच नाही.

शेवटी डेटाबेस वेगळ्या मशीनवर नेला आणि फाइल सर्व्हरवरून /३जीबी काढून टाकलं. तक्रारी थांबल्या.

३२ बिट लिनक्सवाल्यांनीही फार हसू नये. तिथे वाटणी मुळातच ३:१ आहे, आणि कर्नल थेट हाताळू शकतो ती रॅम जेमतेम ८९६ एमबी.

तुमच्याकडे असा जुना सर्व्हर अजून चालू असेल, तर आधी प्रोग्रॅमला ‘लार्ज अ‍ॅड्रेस अवेअर’ खूण आहे का ते तपासा. ती नसेल तर त्याला २ जीबीच मिळणार, आणि कर्नलची जागा फुकट जाणार. पर्फमॉनमध्ये (परफॉर्मन्स मॉनिटर) ‘फ्री सिस्टिम पेज टेबल एंट्रीज’ आणि दोन्ही पूलचे आकडे बदल करण्याआधी आणि नंतर लिहून ठेवा. पूल कोण खातंय ते पूलमॉन सांगतं. अनेकदा एखादा गळका ड्रायव्हरच सापडतो. फाइल सर्व्हरवर /३जीबी लावूच नका. आणि शक्य असेल तर ६४ बिटवर जा: अशी खूण असलेल्या ३२ बिट प्रोग्रॅमलाही तिथे पूर्ण ४ जीबी मिळतात, कर्नलच्या वाट्याला हात न लावता.