परिचर्येचा मार्ग

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. परिचारिका होण्यासाठी काय करावे?
— एक पालक, जानकीपुरम, लखनौ

उत्तर : ज्या काळी परिचर्या कुलीन स्त्रियांना अशोभनीय मानली जाई, त्या काळी रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने स्त्रियांना या शिक्षणाकडे वळविले, हे स्मरून कन्येचा निश्चय आनंदाने स्वीकारावा. तीन वर्षांच्या जी.एन.एम. पदविकेपेक्षा चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंगच मी सुचवीन. परिचारिका म्हणून नोंदणी दोन्हींनी होते, परंतु पदविकेनंतर पदवीसाठी आणखी दोन वर्षे खर्ची पडतात. आपल्याच शहरातील किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात ही सोय आहे. अन्यत्र शुल्क भरण्यापूर्वी संस्थेच्या मान्यतेचा चालू सालचा दाखला स्वतः पाहावा, कारण त्याविना राज्य परिचर्या परिषदेच्या दफ्तरी नाव चढत नाही. प्रवेशानंतर रुग्णाला न उठविता त्याच्या अंथरुणाची चादर बदलणे, हा कन्येचा आरंभीचा धडा असेल.