संशयास्पद पिंगचे निदान: नेटवर्क सुरक्षेतील कामाची खरी ओळख

संगणकांच्या जाळ्यात एका यंत्राने दुसऱ्याला ‘आहेस का?’ असे विचारावे आणि दुसऱ्याने ‘आहे’ असे कळवावे, एवढ्याशा व्यवहाराला पिंग म्हणतात. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत काम करणारे माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पाण्याखालील वस्तूचा ठाव घेणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला नाव दिले. पिंगचा निरोप आयसीएमपी नावाच्या नियमसंचानुसार जातो; जाळ्यातील अडचणी आणि चौकशा एकमेकांना कशा कळवाव्यात हे सांगणारा हा संच सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला असून त्यात विचारणेला ८ आणि उत्तराला ० हा प्रकार-क्रमांक आहे. नेटवर्क सांभाळणारा माणूस बिघाड शोधताना बहुधा याच आज्ञेपासून सुरुवात करतो; परंतु घरात कोणी आहे की नाही हे चोरही दार वाजवूनच पाहतो, तसा घुसखोरही पुष्कळदा आधी पिंगच करतो. सारख्याच ऐकू येणाऱ्या या दोन टकटकींतील फरक ओळखणे हे आज पोट भरण्याजोगे कौशल्य झाले आहे. दहावी-बारावीच्या निकालानंतर ‘सायबर सिक्युरिटी’ हा शब्द घराघरांत ज्या सहजतेने उच्चारला जातो, त्या मानाने या क्षेत्रातील रोजचे काम कसे असते याची कल्पना पालकांना फारच थोडी असते.

हे काम वैद्याच्या निदानाच्या जवळचे आहे. जाळ्याच्या वेशीवर बसून कोणती वाहतूक आत-बाहेर जाऊ द्यायची हे ठरवणाऱ्या उपकरणाला फायरवॉल म्हणतात, आणि त्याने ठेवलेल्या नोंदींना लॉग. या लॉगमध्ये एकाच पत्त्यावरून पिंगची रीघ लागलेली दिसली की नवशिक्याचा हात लगेच त्या पत्त्यावर बंदी घालण्याकडे वळतो, तर जाणता तंत्रज्ञ आधी वाहतुकीची तऱ्हा पाहतो. एका यंत्राकडून ओळीने शेकडो पत्त्यांना विचारणा होत असेल, तर ती पिंग स्वीप, म्हणजे वस्तीतील प्रत्येक दार वाजवून पाहणे होय. अनेक ठिकाणांहून एकाच यंत्रावर भडिमार होत असेल, तर तो पिंगचा पूर होय. आणि दोनच यंत्रांमध्ये दिवसभर मोठ्या आकाराचे, दर वेळी निराळा मजकूर असलेले पिंग जात-येत असतील, तर निरोपाच्या पोटात माहिती दडवून बाहेर नेणारा बोगदा खणला गेला असण्याची शंका घ्यावी लागते. विंडोजचा पिंग वेगळे सांगितले नसेल तर ३२ बाइट मजकूर सोबत नेतो आणि तो मजकूर म्हणजे इंग्रजी मुळाक्षरांची ठरलेली ओळ असते, लिनक्सचा पिंग ५६ बाइट नेतो. त्यामुळे पॅकेट, म्हणजे जाळ्यातून जाणारे माहितीचे पुडके, उघडून पाहताच पाठवणाऱ्या यंत्राची जात बरीचशी कळते. विंडोजची पॅकेट्स साधारणतः १२८ आणि लिनक्सची ६४ या आयुर्मर्यादेने निघतात व वाटेत पॅकेट पुढे धाडणारा प्रत्येक राउटर तीतून एक वजा करतो, म्हणून उरलेल्या आकड्यावरून पॅकेट किती मुक्काम ओलांडून आले याचाही अंदाज बांधता येतो.

पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र खोटा लिहिता येतो, ही यातील मेख आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गाजलेल्या ‘स्मर्फ’ हल्ल्यात हल्लेखोर पाठवणाऱ्याच्या जागी सावजाचाच पत्ता लिहून एखाद्या संपूर्ण जाळ्याला एकदम विचारणा करीत असे, आणि त्या जाळ्यातील सगळी यंत्रे आपापली उत्तरे बिचाऱ्या सावजावर ओतत असत. अशा वेळी लॉगमध्ये आरोपी म्हणून दिसणारा पत्ता खुद्द फिर्यादीचा असतो. पुष्कळदा तर आरोपीच नसतो. शहरातील चौकाचौकांत किंवा सिंहस्थासारख्या मेळ्यात बसवलेले कॅमेरे चालू आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी नियंत्रण कक्षातील देखरेखीचे सॉफ्टवेअर त्यांना ठरावीक अंतराने पिंग करीत राहते, आणि हे ठाऊक नसलेल्या नव्या कर्मचाऱ्याला तोच हल्ला वाटतो. घड्याळाच्या काट्यासारखा नेमका येणारा पिंग बहुधा एखाद्या प्रोग्रॅमचा असतो, एवढे खरे. तो प्रोग्रॅम आपला की परका, हे मात्र चौकशीनेच ठरते.

बंदी घालण्याची घाई कशी अंगाशी येते याचे अभ्यासण्याजोगे उदाहरण ऑगस्ट २००३ मधील आहे. त्या महिन्यात ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म, म्हणजे आपोआप एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरणारा घातक प्रोग्रॅम, विंडोज संगणकांत शिरला आणि आठवडाभरातच त्याच्यामागून ‘नाची’ किंवा ‘वेल्चिया’ या नावाने ओळखला जाणारा दुसरा वर्म आला. नाचीची करणी विचित्र होती: तो ब्लास्टरला पुसून टाकी, मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती आणून बसवू पाही आणि मग पुढचे सावज हुडकण्यासाठी पत्त्यांमागून पत्त्यांना पिंग करीत सुटे. या परोपकारी म्हणवणाऱ्या वर्मने सोडलेल्या पिंगच्या लोंढ्यानेच अनेक संस्थांची जाळी गुदमरली. त्याचे प्रत्येक पिंग नेमके ९२ बाइट लांबीचे होते, त्यामुळे त्या लांबीचे सर्व पिंग राउटरवरच टाकून देण्याचा उपाय जगभर अवलंबला गेला आणि तो लागूही पडला. परंतु निरोप वाटेत कोठे अडला हे शोधण्यासाठी विंडोजमध्ये ‘ट्रेसर्ट’ नावाची जी आज्ञा आहे, तिची पॅकेट्सही ९२ बाइटांचीच असतात. त्यामुळे रोग आवरणाऱ्या औषधाने रोगाचा तपास करण्याचे साधनच निकामी केले. नियम लिहिताना लांबीबरोबर पॅकेटमधील मजकूरही पाहणे शक्य असते तेथे हा फरक करता येतो, आणि नेटवर्क सुरक्षेत पगार मिळतो तो मुख्यतः अशा फरकासाठी.

पिंग पूर्णपणे बंद करावा, असा सोपा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो, तो अर्धवट आहे. बाहेरून येणाऱ्या विचारणा वेशीवर अडवणे किंवा त्यांचा दर सेकंदाचा वेग मर्यादित ठेवणे योग्यच. पण आयसीएमपीचे सगळेच निरोप सरसकट तोडले, तर ‘पॅकेट फार मोठे आहे, लहान करून पाठवा’ हा उपयुक्त निरोपही अडतो, आणि मग छोटी पाने उघडतात पण मोठी फाइल मध्येच लटकते, असा कोणालाच उलगडा न होणारा बिघाड जन्म घेतो. नव्या पद्धतीच्या आयपीव्ही ६ पत्त्यांमध्ये तर शेजारचे यंत्र शोधण्याचे कामही याच कुळातील निरोप करतात, तेव्हा तेथे सरसकट बंदी म्हणजे जाळे स्वतःच्या हाताने बंद पाडणे होय. पूर आला असेल, तर आपल्या फायरवॉलवरील नियम फारसा उपयोगी पडत नाही, कारण पॅकेट्स तेथवर पोहोचेपर्यंत बाहेरची लाइन भरून गेलेली असते. अशा वेळी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीलाच वरच्या अंगाला तो अडवावा लागतो. उलट, पिंग आपल्याच इमारतीतील यंत्राकडून सुटत असतील, तर तो पत्ता स्विचच्या, म्हणजे इमारतीतील यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणाच्या, कोणत्या पोर्टवर आहे हे शोधून, ते यंत्र इतरांपासून वेगळे करून, पुरावा न पुसता त्याची तपासणी करावी लागते.

नाशिकमध्ये हे काम करू पाहणाऱ्यासाठी आणखी एक गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. हे कारखान्यांचे शहर आहे: सातपूर आणि अंबड येथे औद्योगिक वसाहती आहेत, ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. आधुनिक कारखान्यातील यंत्रे चालवणारे पीएलसी नावाचे नियंत्रक हेही जाळ्यावर असतात, आणि त्यांतील जुने नियंत्रक अनपेक्षित वाहतूक आली की गोंधळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने औद्योगिक नियंत्रण प्रणालींसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत यासंबंधी दोन घटना नोंदलेल्या आहेत. एका ठिकाणी, ९ फूट लांबीचे यांत्रिक हात चालवणाऱ्या जाळ्यावर पिंग स्वीप केल्याबरोबर त्यांतील एक हात अचानक जागा होऊन १८० अंशांत फिरला, आणि खोलीतील माणूस सुदैवाने त्याच्या कक्षेबाहेर होता म्हणून वाचला. दुसऱ्या ठिकाणी, चिप बनवणाऱ्या कारखान्यात जाळ्यावर कोणकोणती यंत्रे आहेत हे पाहण्यासाठी केलेल्या तशाच स्वीपने एक नियंत्रण यंत्रणा थबकली आणि सुमारे ५०,००० डॉलरचे वेफर, म्हणजे चिप घडवण्याच्या चकत्या, वाया गेले. दोन्ही ठिकाणी कोणी शत्रू नव्हता. यंत्रशाळेची भाषा आणि नेटवर्कची भाषा या दोन्ही येणाऱ्या माणसाची गरज यातून स्पष्ट होते, आणि इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा मेकॅट्रॉनिक्स शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांना आपण ‘कॉम्प्युटरवाले’ नाही अशी खंत वाटते, त्यांना कारखान्यांच्या या शहरात उलट अधिक वाव असू शकतो.

या वाटेवर येण्यासाठी एकच दार नाही. दहावीनंतर आयटीआयमध्ये ‘कोपा’ हा एक वर्षाचा संगणक अभ्यासक्रम आहे, पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षांची पदविका आहे, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बारावीनंतर अभियांत्रिकी, बीसीए किंवा संगणकशास्त्रातील बीएस्सी आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. पदवीचे नाव काय यापेक्षा टीसीपी-आयपी, राउटिंग, स्विचिंग आणि लिनक्स या चार गोष्टींचा पाया पक्का आहे की नाही, हे येथे अधिक मोलाचे ठरते. सिस्कोची सीसीएनए ही परीक्षा या पायाची बऱ्यापैकी प्रामाणिक कसोटी आहे. याउलट, काही आठवड्यांत ‘एथिकल हॅकर’ बनवून देण्याच्या जाहिरातींकडे पालकांनी सावधपणेच पाहावे, कारण जाळे कसे चालते हे ठाऊक नसलेल्याला ते कसे मोडले हे सांगता येत नाही.

सरावाला मोठा खर्च नाही. १९९८ मध्ये ‘इथरिअल’ या नावाने जन्मलेले आणि २००६ पासून ‘वायरशार्क’ म्हणून ओळखले जाणारे सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि त्यात जाळ्यावरील प्रत्येक पॅकेट उघडून पाहता येते. घरातील दोन जुने संगणक किंवा एकाच संगणकावर उभारलेली दोन आभासी यंत्रे एवढ्या सामग्रीवर वर सांगितलेला प्रत्येक प्रकार करून पाहणे शक्य आहे. हा सराव स्वतःच्या यंत्रांपुरताच ठेवणे अत्यावश्यक आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणे किंवा त्याची सेवा अडवणे यांचा समावेश आहे, आणि असे कृत्य अप्रामाणिक वा कपटी हेतूने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गंमत म्हणून महाविद्यालयाच्या सर्व्हरवर सोडलेला पिंगचा पूर नोकरीच्या मुलाखतीपेक्षा आधी पोलीस ठाण्याचे दर्शन घडवू शकतो.

काम मिळते ते सुरुवातीला बहुधा सुरक्षा नियंत्रण कक्षात, ज्याला या व्यवसायात ‘सॉक’ म्हणतात, आणि तेथे पाळ्या असतात. रात्रपाळी टळत नाही. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे ‘सर्ट-इन’ने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात, कळवायच्या घटनांच्या यादीत महत्त्वाच्या यंत्रणांची हेतुपुरस्सर चाचपणीही आहे. त्यामुळे पहाटे तीन वाजता दिसलेले पिंग साधे की हेतुपुरस्सर, हे सकाळवर ढकलता येत नाही, आणि तपासाचा अहवाल नेमक्या भाषेत लिहिता येणे हे कौशल्य वायरशार्कइतकेच उपयोगी पडते. बँका, रुग्णालये आणि कारखाने यांखेरीज डेटा सेंटर हेही अशा कामाचे ठिकाण असते, आणि सातपूरला ईएसडीएस या कंपनीचे डेटा सेंटर असल्याने ते पाहण्यासाठी नाशिकच्या विद्यार्थ्याला मुंबई-पुण्याचीच वाट धरावी लागत नाही.

प्रवेशाआधी महाविद्यालय पाहायला जाणाऱ्या पालकांनी इमारत आणि नोकऱ्यांचे फलक पाहून झाल्यावर प्रयोगशाळेतील साहाय्यकाला दोन प्रश्न विचारावेत: विद्यार्थ्यांना हाताळता येईल, ज्याची मांडणी बदलता येईल असा स्विच येथे आहे काय, आणि तो विद्यार्थ्यांनी बिघडवला तर तो पूर्ववत कोण करते, शिक्षक की विद्यार्थी.