फोटोवर थर चढवला, किंमत चढवली का?

व्हिडिओत फ्रेम कशी बनते ते दाखवलं, पण हिशोब घाईत उरकला. तो इथे नीट मांडतो.

वस्तू आठवा. आपण काढलेला फोटो एमडीएफच्या पाटीवर, त्यावर टेक्स्चर पेस्ट, हातकागदाचे तुकडे, थोडी जर, शेवटी वॉर्निश. ‘मिक्स मीडिया’ हे नाव नवं आहे, पण धंदा जुना. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या छापील देवी-देवतांच्या चित्रांवर लोक कापड, जर, टिकल्या लावून ती काचेत बसवायचे. छापील लक्ष्मी घरोघरी सारखीच, जरीची साडी नेसवलेली मात्र आपली एकटीची. (आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाआधी फोटोग्राफर होते, या छापखान्यातही त्यांनी काम केलं.)

गडावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. फोटो तो स्वतःच काढतो. मग तुमच्याकडून काय घेईल? हात फिरवल्यावर कातळ लागेल असं काहीतरी. पेस्टने डोंगराचे कडे उठवले की गिऱ्हाईक बोट लावून बघतंच, आणि तिथेच निम्मी विक्री होते.

देवीचा फोटो वापरणार असाल तर एक लक्षात घ्या. २०२२ मध्ये मूर्तीवरचा शेंदराचा थर काढला, त्यामुळे आधीचं आणि आताचं रूप वेगळं दिसतं. ऑर्डर घेतानाच कोणतं हवं ते विचारा. गूगलवरून फोटो उचलू नका, फोटोवर फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. मंदिरात काढायचा तर आधी परवानगी. मी सरळ डोंगर, पायऱ्या आणि चैत्रात खानदेशातून येणारे पदयात्री पाठमोरे घेतो. भानगड नाही.

माझा पहिला लॉट १२ फ्रेमचा. घरच्या इंकजेटवर प्रिंट काढल्या, वरून पाण्यातला पांढरा गोंद फिरवला. शाई पसरली, सगळ्या बाराच्या बारा भंगारात. आता लेझर प्रिंट घेतो. इंकजेटच असेल तर आधी स्प्रे वॉर्निश, पूर्ण वाळू द्यायचं, मग गोंद.

आता ८ बाय १२ इंची फ्रेमचा हिशोब. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे भाव तुम्ही टाका. प्रिंट ४०, पाटी ६०, पेस्ट-गोंद ५०, कागद-जर ३०, वॉर्निश २०, पॅकिंग ३०. झाले २३० रुपये. बरेच जण इथेच थांबतात आणि ‘४५० ला विकली, २२० सुटले’ म्हणतात. अहो, तुमचा हात फुकट आहे का? दीड तास काम, ताशी १०० धरले तरी १५० वाढले. झाले ३८०. बारातली एक बिघडणार, तिचा खर्च उरलेल्या अकरांवर. म्हणजे जवळपास ४१५.

दुकानदार ३० टक्के ठेवतो. ४५० ला विकली तर हातात ३१५, म्हणजे फ्रेममागे १०० रुपये आपण पदरचे घातले! ७०० लावले तर हातात ४९०, सुटतात ७५. ७०० ला उचल नसेल तर आकार लहान करा, थर कमी करा. मजुरीला हात लावू नका.

आणि नवरात्राचा माल घटस्थापनेच्या आठवड्यात करायला बसू नका. पावसाळी हवेत जाड पेस्ट लवकर वाळत नाही. वरून कोरडी, आतून ओली अशी फ्रेम पॅक केली की प्लास्टिक चिकटलंच. निदान महिनाभर आधी सुरुवात करा.