नाडीआधी पिशवी

क्रांती चौकात जालना रोड सतत वाहत असतो, आणि त्याच्याबरोबर माझ्या दवाखान्यात माणसं येतात: वाळूजच्या कंपनीतला कामगार, पैठणहून एसटीने आलेली आजी, उस्मानपुऱ्यातले निवृत्त मास्तर, किराडपुऱ्यातल्या आपा. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "मॅडम, आयुर्वेदिकच द्या, त्याला साइड इफेक्ट नसतो." हे खरं नाही. ज्या वनस्पतीत गुण आहे, तिच्यात अपाय करण्याची ताकदही आहे. नव्याने दवाखाना थाटणाऱ्या वैद्यांसाठी म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगा.

बीपी-शुगरच्या गोळ्या, डब्यातलं चूर्ण, जिममधली पावडर, शेजारणीने दिलेली बाटली, सगळं. "आणखी काही औषध घेता का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. "सकाळी उठल्यावर काय पिता?" असं विचारलं की मेथीचं पाणी, कोरफडीचा रस, कारल्या-जांभळाचं चूर्ण एकेक करून बाहेर येतं. घरातल्या वस्तूला कुणी औषध मानत नाही. ज्येष्ठमधाची काडी घशासाठी कित्येक जण रोज चघळतात. महिनोन्महिने भरपूर पोटात गेलं तर शरीरात मीठ-पाणी धरून राहतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. अशा माणसाची बीपीची गोळी वाढवण्याआधी काडी थांबवायला हवी. पण त्यासाठी काडीचा पत्ता लागायला हवा, आणि तो नाडीतून लागत नाही.

२. दोन दिवसांत गुडघे मोकळे करणारी पुडी दिसली की सावध व्हा.

बिनलेबलाची, कुठल्याशा गावाहून आणलेली, "शंभर टक्के जडीबुटी" म्हणून दिलेली. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलेलं आहे. माणूस समोर बसला की काही खुणा दिसतात: गोल, तुकतुकीत झालेला चेहरा, हातापायावर सहज उठणारे काळेनिळे डाग, बारीक दंड आणि सुटलेलं पोट, अचानक चढलेली शुगर.

इथे वैद्याचा पहिला उमाळा असतो, "ही पुडी आजच फेका." तसं सांगू नका. बाहेरून बराच काळ स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी आपलं काम मंद करतात. पुडी एकदम तोडली तर उलट्या, ग्लानी, बीपी कोसळणं, आणि वेळ आली तर जिवावरही बेततं. मी पुडीसकट पेशंटला फिजिशियनकडे पाठवते, परवडत नसेल तर घाटी या सरकारी रुग्णालयात. ते स्टेरॉइडची मात्रा हळूहळू उतरवत नेतील. माझं औषध त्यांच्याशी बोलून, मागाहून.

आणि अशी पुडी घेणाऱ्या आजीवर रागावू नका. त्या पुडीमुळे ती कित्येक वर्षांनी खाली मांडी घालून भाकरी थापायला बसली होती. तिचं ते सुख खरं होतं. ते हिरावून घेताना बदल्यात आपण काय देणार, हे वैद्याने आधी ठरवलेलं असावं: शेक, तेल, वजन उतरवण्याचा आहार, मांड्यांचे व्यायाम, आणि वेळ लागेल हे स्पष्ट सांगणं.

३. चूर्णावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

अशोकाच्या सालीच्या नावाखाली रस्त्याकडेच्या उंच, सरळ खोट्या अशोकाची साल सर्रास विकली जाते. म्हणून जमेल तिथे मी अख्खी काष्ठौषधी मागवते आणि भरड करून घेते. गुळवेलीचं खोड आडवं कापलं तर चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. दळलेल्या चूर्णात ते कळायचा मार्ग नाही. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटांमध्ये यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नव्हती असं म्हटलं. वाद बाजूला ठेवून मी एवढंच पाळते: यकृताचा किंवा ऑटोइम्यूनचा आजार असेल तर गुळवेल नाही, आणि इतरांचीही लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी बंद करून एलएफटी.

४. बिब्बा घरी लावू देऊ नका. तो उतला की कातडी भाजल्यासारखे फोड येतात, आणि मराठवाड्यात तो अजूनही गुडघ्याला, टाचेला लावतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई (१) परिशिष्टातल्या विषारी द्रव्यांत बचनाग, कुचला, धोत्रा यांच्याबरोबर बिब्बाही आहे.

५. औषधाची वेळ पेशंटच्या घड्याळात बसवा.

"सकाळी उपाशीपोटी" हे तिसऱ्या शिफ्टहून सातला घरी येणाऱ्याला काय सांगणार? त्याची सकाळ दुपारी होते. रमजानमध्ये सगळं सहेरी आणि इफ्तारवर येतं, आणि इन्शुलिन घेणाऱ्या आपांना मी रमजान लागण्यापूर्वीच त्यांच्या डॉक्टरांकडे धाडते. घड्याळासारखीच घरातली सोयही पाहा. काढ्याला एका भागास सोळा भाग पाणी घालून आठवा भाग उरेपर्यंत आटवावं, हे शार्ङ्गधराचं माप मलाही पाठ आहे. पण आमच्या शहरात कित्येक वसाहतींत नळाला बऱ्याच दिवसांनी पाणी येतं, गॅस महाग आहे, आणि सून सकाळी कामाला निघालेली असते. तिथे काढा लिहून देणं म्हणजे औषध न देणं. त्याच द्रव्याची गोळी द्या. मुतखड्याच्या पेशंटला "भरपूर पाणी प्या" म्हणताना घरात प्यायचं पाणी किती साठतं, तेही विचारा.

६. पन्नाशीचा माणूस "पित्त झालंय, छातीत जळजळतंय" म्हणत घामाघूम येऊन बसला, तर आधी ईसीजी. अविपत्तिकर कुठे पळून जात नाही.

७. पेशंटच्या दुसऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहा.

हे आपल्याकडे फार कमी जण करतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. पेशंट मध्ये सापडतो; तिकडे आमचं औषध लपवतो, इकडे त्यांचं. मी केसपेपरच्या मागे वनस्पतीचं शास्त्रीय नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख लिहिते आणि खाली माझा मोबाईल नंबर. ऑपरेशनच्या आधी काय कधी थांबवायचं हेही त्यातच. चौकापलीकडच्या हॉस्पिटलांतून आता कधीकधी फोन येतो: "मॅडम, तुमच्या पेशंटचं क्रिएटिनिन वाढलंय, तुमचं काय चालू आहे?" मी केसपेपर काढते आणि वाचून दाखवते.