डावा क्लीट आधी का झिजतो?

प्रश्न : रोडबाइकला शिमानोचे एसपीडी-एसएल पेडल आहेत. हल्ली डावा बूट पेडलमध्ये सैल वाटतो, मध्येच सुटतो. उजवा ठीक आहे. पेडल बदलावे लागतील का? (पुणे)

उत्तर : आधी पेडलकडे नव्हे, बुटाच्या तळाकडे बघा. सिग्नलला तुम्ही डावा पाय टेकवत असणार. तळाला बसवलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा म्हणजे क्लीट. तो प्लास्टिकचा असतो आणि पेडल मारून फारसा झिजत नाही, चालून झिजतो. खडबडीत डांबर तर त्याला कानशीसारखं घासतं.

पिवळ्या क्लीटच्या कोपऱ्यांवरचे पिवळे भाग घासून खालचा थर दिसू लागला, किंवा पुढचं टोक पातळ झालं, तर क्लीट बदला. वाट पाहू नका. उभं राहून चढ चढताना पाय अचानक सुटला, तर माणूस थेट रस्त्यावर आदळतो. डावा-उजवा जोडीनेच बदलावा.

जुना काढण्याआधी त्याच्या कडेने बुटाच्या तळावर मार्करने रेघ ओढा. जागा किंचित सरकली तरी गुडघा दुखू शकतो. स्क्रूच्या खाचेतली माती टोच्याने काढा, नाहीतर ४ मिमीची ॲलन की घसरून खाच गोल होते. नव्या स्क्रूंना थोडं ग्रीस लावा. रंगही तोच घ्या : पिवळ्यात पायाला ६ अंश हालचाल मिळते, निळ्यात २, लाल पूर्ण स्थिर.

चहाला थांबल्यावर चालायचं असेल, तर क्लीटवर रबरी कव्हर चढवा. ते जर्सीच्या खिशात सहज मावतं.