नकाशावर शिक्का उमटेना

प्रश्न : मामाने मुलीला जुना निन्टेंडो डीएस दिला. ‘झेल्डा : फँटम अवरग्लास’मध्ये वरच्या पडद्यावरचा शिक्का खालच्या नकाशावर उमटवायचाय. कितीही टोचलं तरी होत नाही. पडदा बिघडला का?
– एक पालक, धर्माबाद

उत्तर : पडदा बिघडलेला नसावा. इथे टोचायचंच नाही. डीएस मिटायचा आणि पुन्हा उघडायचा, की शिक्का उमटतो! 2007च्या या खेळातलं माझं सर्वांत लाडकं कोडं हेच. म्हणून मुलीला उत्तर सांगू नका. ‘नकाशा कागदाचा असता तर काय केलं असतंस?’ एवढंच विचारा.

मात्र टोचणं थांबवा. हा पडदा मोबाइलसारखा नाही, दाबाने चालतो. जोर दिला की ओरखडे पडतात. खेळाच्या नायकाला, लिंकला, चालवायला, तलवार फिरवायला, बूमरँगची वाट आखायला सोबतच्या पेनाचा हलका स्पर्श पुरतो. मिरचीच्या बाजारपेठेचं तुमचं गाव, तेव्हा तिखटाचे हात आधी धुवावेत. कण चौकटीच्या फटीत अडकतात. स्पर्श एकीकडे आणि हालचाल भलतीकडे होत असेल, तर डीएसच्या सेटिंगमध्ये टचस्क्रीन पुन्हा जुळवून घ्या.