चिखलातल्या शर्यतीआधी

नवी पेठ, सोलापूर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

सायक्लोक्रॉसमध्येच करिअर करायचं, असं तू लिहिलंस. ताई घाबरलीय, मला मात्र आनंद झाला. तरी या खेळात पैसा कुठून येतो नि कुठे जातो, ते आधी समजून घे.

चिखलातून सायकल पळवायचा हा खेळ हिवाळ्यातला आणि त्याचं घर बेल्जियम-नेदरलँड्समध्ये. बायकांची शर्यत पन्नासेक मिनिटांची, पण त्यात दम खायला क्षणभर मिळत नाही. सायकल चिखलाने भरली की वाटेत दुसरी घ्यायची, तोवर मदतनीस पहिली धुऊन ठेवतो. म्हणजे दोन सायकली आणि हाताशी माणूस हवाच. नावाजलेल्यांना आयोजक नुसतं शर्यतीत उतरण्याचेही पैसे देतात. नवख्यांचा खर्च बहुधा घरचेच सोसतात. आपल्याकडे तर पोट भरेल इतक्या शर्यतीच नाहीत.

नेदरलँड्सची सायकलपटू मारियाने वोस हिच्याकडे बघ. सायक्लोक्रॉसची आठ जागतिक विजेतेपदं तिच्या नावावर आहेत. पण ऑलिंपिक सुवर्णं तिने २००८ साली ट्रॅकवर आणि २०१२ साली रस्त्यावर मिळवली, कारण उन्हाळी ऑलिंपिकमध्ये सायक्लोक्रॉस नाहीच. माउंटन बाइक १९९६ पासून आहे. म्हणून तू रोड आणि माउंटन बाइकच्या शर्यतींतून वर ये. संगमनेरची प्रणिता सोमण माउंटन बाइकमध्येच राष्ट्रीय विजेती झाली. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेव; राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि तिथे कागद काटेकोर तपासतात. कॉलेज अजिबात सोडायचं नाही.

सरावाला मात्र आपल्या काळ्या मातीसारखी माती नाही! सप्टेंबरच्या पावसात ती चाकांना अशी चिकटते की सायकल ढकलवत नाही. पेरलेल्या रानात जाऊ नकोस, पडीक जागा बघ. ४० सेंटिमीटर उंचीची फळी आडवी लाव. शर्यतीतला अडथळा याहून उंच नसतो. सायकल चालू असतानाच उजवा पाय मागून डावीकडे आणून उतर, फ्रेमची वरची नळी उजव्या खांद्यावर घे आणि पळ. हे दोन्ही बाजूंनी नको, एकाच बाजूने पक्कं कर. पडशील, म्हणून हेल्मेटशिवाय एकदाही नाही. टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद घेऊ नकोस, मोठ्या शर्यतीत चालत नाही.

ताईशी मी बोलतो. दिवाळीला येशील तेव्हा तुझी सायकल रेल्वेने सोबत आण; साखळी किती झिजलीय ते बघून बदलू, आणि पासपोर्टचा अर्जही इथेच बसून भरू.

तुझा,
मामा